बाबांची फियाट, सोळा इंची चाकं आणि माझा पोळपाट

अकोटा, बडोदे
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

चि. उन्मेष यास मोहनाताईचे अनेक आशीर्वाद.

शनिवार, २३ ऑगस्ट, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. गुन्ह्याची वेळ आधी लिहिली, कारण तक्रारीच्या पत्रात पहिल्या ओळीत तारीख आणि शेवटच्या ओळीत मुदत असावी, असं आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नडेट यांनी शिकवलं होतं. मधला मजकूर त्यांनी ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडला होता. तुझी प्रकृती कशी आहे? गुडघ्याला तेल लावतोस ना? शलाकाला माझी आठवण सांग. भावजय असली तरी तिला माझं म्हणणं तुझ्याआधी कळतं, हेही सांग.

तर त्या वेळी मी फतेगंजात हार्दिकभाईच्या गॅरेजवर पोचले आणि बाबांची फियाट मला ओळखू आली नाही. ती उंच झाली होती. तिच्या पायात सोळा इंची, चकचकीत, काळी चाकं होती. नऊवारी नेसलेल्या बाईनं क्रिकेटचे बूट घालावेत तशी ती उभी होती, आणि हार्दिकभाई (मनानं चांगला, पण होकार द्यायची घाई फार) हात पुसत म्हणाला, "बेन, पुण्याथी भाईनो फोन हतो." म्हणजे गाडी मी चालवते, गॅरेजला मी नेते आणि चाकं तू फोनवरून ठरवतोस.

मूळ मुद्दा चाकांचा नव्हताच, ब्रेकचा होता, हे मी मान्य करते. जुलैत अकोट्याच्या पुलाच्या उतारावर ब्रेकचं पेडल तळाला गेलं आणि गाडी उसाच्या रसवाल्याच्या बाकाला टेकली. (टेकली हा शब्द मी विचार करून वापरते आहे. तू सगळ्या नातलगांत "धडकली" असं सांगत फिरलास.) मग तू फर्मान काढलंस की घटस्थापनेपर्यंत ब्रेक नीट झाले तर ठीक, नाहीतर गाडी पुण्याला तुझ्या पार्किंगमध्ये आणि ताई रिक्षात. मी अट मान्य केली. या एका बाबतीत तुझं बरोबर होतं, पण हे वाक्य शलाकाला वाचून दाखवू नकोस.

हार्दिकभाईनं पुढच्या दोन्ही चाकांना मोठे डिस्क ब्रेक बसवले. डिस्क म्हणजे एक लोखंडी थाळी, आणि तिला कडेनं धरायला कॅलिपर, म्हणजे आपली सांडशीच समज. थाळी बसली, सांडशी बसली आणि मग जुनं चौदा इंची चाक त्यावरून चढेना. यावर तुझ्यासारख्या इंजिनिअर माणसाला सुचलेला उपाय म्हणजे चाकच मोठं करणं. त्या मोठ्या चाकांनी डावीकडे वळलं की टायर मडगार्डला घासायचं आणि स्टिअरिंग इतकं जड झालं की आपल्या गल्लीत वळायला मला दोन्ही हात, खांदे आणि थोडे शेजारी लागले. खंडेराव मार्केटला जाऊन आले तर मनगट दोन दिवस शेकत बसले. अशी गाडी मी किती दिवस चालवली असती? म्हणजे ब्रेक उत्तम आणि गाडी पुण्यालाच. तुझा हेतू हाच होता का, असं मी विचारणार नाही. विचारलं असं समज.

मी ठरवलं की चाक लहानच हवं, चौदाच. कारण चौदा हे बाहेरचं माप. आत किती जागा मिळेल ते ज्याच्या त्याच्या घडणीवर. (तुझ्या फ्लॅटचंही असंच आहे. बिल्डरनं सांगितलं किती आणि आत पलंग किती ठिकाणी अडतो.) फक्त ब्रेक मावेल असं अलॉयचं चाक शोधायचं होतं. ब्रेक काही पिशवीत घालून दुकानात नेता येत नाही, पण थाळीवर दोरी धरून पाहिलं तर ती बरोबर आपल्या आईच्या पोळपाटाएवढी निघाली. मी पोळपाट घेऊन चाकांच्या दुकानात गेले. तिथल्या शेठला वाटलं, बेन रस्ता चुकल्या. एका चाकात पोळपाट छान बसला, म्हणून ते चाक परत घेण्याच्या बोलीवर गॅरेजला आणलं, तर ते ठक्‌ करून कॅलिपरवर अडलं. पोळपाटाला सांडशी धरलेली नव्हती, ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी पोळपाटाला सुतळीनं सांडशी बांधून गेले. शेठनं या खेपेस मला बसायला खुर्ची दिली आणि पाणी दिलं आणि घरी कोण कोण असतं ते हळूच विचारलं. एकही चाक बसलं नाही.

एवढ्यात गणपती आले. तू दीड दिवस येऊन जातोस, उरलेले आठ-साडेआठ मी करते. अनंत चतुर्दशीला विसर्जन करून आल्यावर कुसुमावतीला (आपली शेजारीण, सगळं तिच्यासमोर झालं) हाताशी घेऊन मी मखर उतरवलं. मखराखालचा चौरंग, चौरंगाखालची आईची जरीची शाल. ती इतक्या वर्षांत पहिल्यांदाच झटकायला ओढली आणि खाली काय, तर तुझी चार अलॉयची चाकं. तुझ्या स्वतःच्या फियाटची, चौदा इंची. तू नोकरीला लागल्यावर हौसेनं घेतलीस, गाडी विकताना काढून ठेवलीस, आणि बाबांनी त्यांवर गणपती बसवला तो आजतागायत. आपण सगळे दर वर्षी त्यांना नमस्कार करत होतो आणि मी शहरभर पोळपाट मिरवत होते.

कुसुमावती म्हणाली, "आता पोळपाट आण आधी, मग हसू." पोळपाट-सांडशी आत गेली आणि अलगद फिरली, कारण या चाकांच्या काड्या बाहेरच्या बाजूला फुगीर आहेत. कुठे तडे नाहीत ना ते तपासून घेऊन हार्दिकभाईनं ती बसवली. फट किती उरली यावर आमचा वाद झाला. मी म्हटलं, पापड जाईल. तो म्हणाला, "ना बेन, खाखरो जाय." शेवटी कुसुमावतीनं डब्यातला खाखरा आणून खरंच घालून पाहिला. गेला. मोडला नाही.

काल मी गाडी घेऊन त्याच उतारावरून आले. गरब्याच्या क्लासला निघालेल्या तिघी एका स्कूटरवरून हात न दाखवता मधे घुसल्या. मी पेडल दाबलं. उन्मेष, गाडी थांबली. सरळ, जागच्या जागी, बाकापासून चांगलं चार हात अलीकडे. रसवाल्यानं मला ओळखून ग्लास आधीच उचलून छातीशी धरले होते. त्यानं ते एकेक करून पुन्हा मांडले. मी खिडकी खाली करून रस मागवला आणि तो तिथेच बसून प्याले, कारण आता घाई नव्हती. गाडी कुठेही जाणार नाही. पुण्याला तर नाहीच.

कळावे, लोभ आहेच, राग थोडा शिल्लक आहे.

तुझी
मोहनाताई

ता. क. १. तुझी सोळा इंची चाकं परत पाठवत नाही. पुढच्या वर्षी मखराखाली काहीतरी लागेल. गणपती दोन बोटं उंच बसेल, तुला हवी होती ती उंची तिथे शोभेल.

ता. क. २. स्टेपनीचं जुनं चाक पुढच्या ब्रेकवर चढत नाही. पंक्चर झालं तर मी उतारावरच राहणार. तुझा संच पाच चाकांचा होता. पाचवं शलाकाच्या हॉलमध्ये, काचेखाली, टीपॉय म्हणून उभं आहे, आणि तुम्ही दोघं त्यावर चहाचे कप ठेवता. काच काढून चाक पाठव. शलाकाला मी कालच फोन केला, तिनं कप उचलले आहेत.

ता. क. ३. फोन करू नकोस, अंगठाही पाठवू नकोस. चाक कोणत्या ट्रान्सपोर्टनं निघालं ते रविवार, २१ सप्टेंबर, दुपारी बाराच्या आत लेखी कळव.