मंगळवारची होडी

मंगळवार, ६ फेब्रुवारी

निर्लज्ज! पोरांना होडीत बसवलंय! आणि तेही आज!

शेजारची मासळीवाली एसी धुरीवरची मासळी तशीच टाकून धावत आली. "आंटी एकुआ, आपल्या पेलिकन्सचं फेसबुक बघितलंत का?" बघितलं. आमच्या फुटबॉल क्लबच्या नव्या जर्सीचे फोटो. सगळे खेळाडू होडीत, लाटांच्या पार पलीकडे, दात काढून. खाली लिहिलंय— 'समुद्राची लेकरं, नव्या रंगात!'

मंगळवारी समुद्र विश्रांती घेतो. होडी पाण्यात जात नाही, कोळी वाळूत बसून जाळी सांधतात. आमच्या सॉल्टपाँड गावातल्या रांगत्या बाळालाही हे कळतं. पण क्लबचं पान चालवणारा तिकडे राजधानीत, अक्रात, कुठल्याशा गार खोलीत बसतो म्हणे! मी सिस्टर्सच्या शाळेत शिकलेली, समुद्राच्या देवाला मानत नाही. पण झोपलेल्याच्या अंगावरून कोणी चालत जातं का?

नवऱ्याला, एबोला, फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिला. म्हटलं, "काहीतरी बोल ना. एखादी शिवी तरी दे!"

नाही. गेल्या ईस्टरला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून शब्द नाही. डॉक्टर म्हणतात, "जीभ सुटली आहे आता. त्यांना बोलावंसं वाटलं पाहिजे." पाटी आणून दिली, तर डाव्या हाताने टेबलाखाली ढकलून दिली. आणि हाच माणूस स्टँडमध्ये लोखंडी घंटा वाजवून गाणी सुरू करून द्यायचा— आवाज थेट किनाऱ्यापर्यंत!

मला एक शब्द हवा आहे. जास्त नाही.

बुधवार, ७ फेब्रुवारी

क्लबच्या पानावर लिहिलं. पूर्ण नावानिशी, पूर्ण वाक्यांत. दुपारपर्यंत पुसून टाकलं! बाकी सगळ्यांना एकच उत्तर— 'प्रिय पेलिकन परिवार, तुमच्या प्रेमाबद्दल आभार.' एकाने त्यांची आई काढली होती. त्यालाही आभार!

गुरुवार, ८ फेब्रुवारी

'खारा वारा' नावाचा कोणी प्राणी उपटला आहे. लिहितो— 'त्या कॉन्व्हेंटवाल्या बाईंचं म्हणणं कुठे बुडवलंत? वर काढा. बाई भांडकुदळ आहेत, पण बरोबर आहेत.'

भांडकुदळ! मी चांगलं सुनावलं. त्यावर म्हणतो, 'बाई, तुम्ही शिव्यासुद्धा इस्त्री करून देता.' सगळं गाव हसलं त्यावर. हसणाऱ्यांत एसीचंही नाव होतं. उद्या तिच्याकडून मासळी घेणार नाही.

शनिवार, १० फेब्रुवारी

वाळवंटाकडून धूळ आली आहे. सूर्य दुधात पडल्यासारखा. समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे लागतं, काही कळत नाही.

दुपारी डोळा लागला. स्वप्नात माझ्या जुन्या नोकरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, कानाला हेडफोन. पण एक्स्चेंज मैदानात, आणि मैदान पाण्याखाली. स्टँडमध्ये माणसांच्या जागी दिवे— एकेक लागतोय, एकेक आवाज मागतोय, आणि मी वायरी जोडतेय. सगळ्यांना जोडून दिलं. एकच दिवा उरला. त्या लाइनवर नुसता श्वास. "बोला, कुठला नंबर हवाय?" श्वास. "बोला ना!"

जागी झाले तर एबो समोर खुर्चीत, मांडीवर फोन. चित्रं बघत बसतो दिवसभर.

रविवार, ११ फेब्रुवारी

घरच्या मैदानावर तीन-शून्यने हरलो! एसी म्हणाली, "समुद्राने दंड वसूल केला." (मासळी घेतली. दुसरीकडची कडू असते.)

खारा वारा लिहितो— 'गोलकीपर अजून होडीतच बसलाय. कोणीतरी त्याला आणायला जा.' मोठ्याने हसले, मग स्वतःचाच राग आला. एबोला वाचून दाखवलं. त्याने डोळे मिटून घेतले. खांदे थरथरत होते. हे कोरडं वारं वाईट. शाल घातली.

सोमवार, १२ फेब्रुवारी

आज त्या खाऱ्या माणसाशी दुपारभर वाद. म्हणतो, आताच्या पोरांना गाणी येत नाहीत, घंटा होती तोवर मजा होती.

मी लिहिलं, 'ती घंटा माझ्या भिंतीवर आहे. उगाच तुम्ही तिच्याबद्दल बोलू नका.'

बाहेर धुळीत कोणाचा तरी कोंबडा भलत्या वेळी आरवत होता. मग उत्तर आलं— 'पुसत जा. खाऱ्या हवेत लोखंड गंजतं.'

आगाऊ मेला!

पुसली. बोट लागलं तशी किंचित वाजली. एबोने मान वळवली.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

क्लब वाकला! मोठ्या नाखव्याकडे दंड म्हणून मेंढा आणि जिनची बाटली घेऊन गेले, किनाऱ्यावर माफी मागितली. होडीचे फोटो काढून टाकले. आणि माझं लिहिणं पानाच्या अगदी वर! खाली पोरं लिहितायत— 'आजी, जाहिराती तुम्हीच लिहा,' 'आजीला सेंटर-फॉरवर्डला घ्या.' खारा वारा म्हणतो, 'नको. रेफ्री पळून जाईल.'

एबोपाशी जाऊन म्हटलं, "जिंकले मी!" त्याने पाहिलं. तोंडाचा चांगला कोपरा हलला. मी थांबले. चुलीवरचं पाणी उकळून आटलं तोवर थांबले. नुसतं 'बरं' म्हणाला असता तरी चाललं असतं.

त्या परक्या माणसाकडे मेले किती शब्द! आणि ज्याच्याकडून हवेत, त्याच्याकडे एक नाही.

शनिवार, १७ फेब्रुवारी

धूळ. काही नाही.

मंगळवार, २० फेब्रुवारी

होड्या वाळूत पालथ्या. समुद्र झोपलेला. मी पुढच्या पायरीवर बसून खाऱ्या वाऱ्याला जर्सीच्या निळ्या रंगावरून लांबलचक उत्तर लिहीत होते. ते पुरं व्हायच्या आत त्याचंच आलं—

'बाई, भांडण नंतर. चुलीवरचं सूप खाली लागतंय.'

वास खरंच येत होता. घरात आम्ही दोघंच.

मी उठले नाही. मागेही वळले नाही. पायरीवरूनच लिहिलं— 'हाक मार. मगच उठेन.'