कंस पूर्ण

अण्णा, आज मी इतकी खूश आहे की कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरायचा नाही, आणि ज्यांना सांगायचं ते तुम्ही. आमच्या ऑफिसात आज एक नवी मुलगी आली. सुरगाण्याकडची आहे, माझ्यासारखंच तिलाही दिसत नाही, आणि आल्या आल्या विचारते, "मॅडम, इथे स्क्रीन वाचून कोण दाखवतं?" मी म्हटलं, "कोणी नाही. बस." तिच्या कॉम्प्युटरवर मी बोलणारा एडिटर चढवून दिला. एडिटर म्हणजे प्रोग्राम लिहायची वही, हे तुम्हाला मीच कधीतरी समजावलं होतं. ही वही आपण लिहू ते वाचून दाखवते, अक्षर न अक्षर, कंस न कंस. चहा निवायच्या आत काम झालं. तिने पहिली ओळ लिहिली, मशीनने ती वाचली, आणि पोरगी खुर्चीतून उठून ओरडली, "बोललं! मॅडम, लय भारी, बोललं ना हे!" मी मोठ्या माणसासारखं शांत राहायचं ठरवलं होतं. कसलं काय! आम्ही दोघींनी मिळून एवढा दंगा केला की पलीकडच्या खोलीतून माणसं काय झालं ते बघायला आली. हेच करायला तुम्हाला-मला अकरा दिवस लागले होते.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आपल्या पंचवटीतल्या घराची पुढची खोली माझ्या कानात जशीच्या तशी आहे. टायपिंगचा क्लास, सहा मशीन, सकाळी सातपासून खडखडाट. नव्या मुलांच्या हातांवर तुम्ही पुठ्ठ्याची झडप ठेवायचात, बोटांकडे बघायचं नाही म्हणून. मी नऊ वर्षांची असताना तापात माझी नजर गेली. घरातली माणसं माझ्यासमोर हळू बोलायला लागली, आई स्वयंपाकघरात रडायची आणि मला वाटायचं आता सगळं संपलं. एक दिवस तुम्ही मला मशीनसमोर बसवलंत, भरल्या क्लासमध्ये, आणि मोठ्याने म्हणालात, "हिला पुठ्ठा लागणार नाही." मुलं हसली, मीही हसले. माझ्या आंधळेपणावर हसायची परवानगी तुम्ही दिलीत ती त्या दिवशी, आणि ती मी आजही भरपूर वापरते.

तुमच्या तोंडी त्या क्लासची भाषा एवढी बसली होती की घरातही सुटायची नाही. मुलांना मजकूर सांगताना तुम्ही विरामचिन्हंही सांगायचात, एका सुरात, श्वास न घेता: स्वल्पविराम, कंस सुरू, कंस पूर्ण. आईला बाजाराची यादी सांगतानाही तसंच. "शेंगदाणे, स्वल्पविराम, गूळ, कंस सुरू, काळा असेल तर नको, कंस पूर्ण." आई सटाण्याकडची, ती तिच्या अहिराणीत काहीतरी पुटपुटायची आणि तुम्ही ऐकलं नाही असं दाखवायचात. उघडलेला कंस बंद केल्याशिवाय तुम्हाला पुढे जाताच यायचं नाही. आणि चूक दिसली की एकच ठरलेली ओरड: "अरे, कागद शेवटून वाच! सरळ वाचलास तर मन चुका झाकतं."

मी प्रोग्रामिंग शिकायला लागले तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसलात आणि पुढे चार वर्षं उठलाच नाहीत. मी टाइप करायचे, तुम्ही स्क्रीन वाचायचात. एक शब्दही कळत नव्हता तुम्हाला त्यातला, पण वाचन असं ठणठणीत की जणू तुम्हीच लिहिलंय. मग मी पुण्याच्या एका कंपनीला नोकरीच्या परीक्षेसाठी लिहिलेला प्रोग्राम फ्लॉपीवर पाठवला आणि उत्तर आलं की हिशेब चुकीचा येतो, क्षमस्व. मी दोन दिवस जेवले नाही. तुम्ही मात्र मशीनवर कागद चढवलात आणि कंपनीला इंग्रजीत खरमरीत पत्र लिहिलंत, की हा प्रोग्राम मी स्वतः तीन वेळा वाचला आहे आणि त्यात एकही चूक नाही. त्याची कार्बन कॉपी तुम्ही टेबलाच्या वरच्या खणात ठेवली होतीत, दस्तऐवजासारखी.

त्यानंतर वर्षभराने अंबडच्या त्या छोट्या कंपनीत आपण दोघं गेलो. मालकाने मला काम दिलं, मी टाइप करत गेले, तुम्ही वाचत गेलात, तासाभरात प्रोग्राम चालला. माणूस सरळ होता. म्हणाला, "काम छान आहे तुमचं. पण मॅडम, तुमच्या वडिलांसाठी मी इथे रोज खुर्ची टाकू शकत नाही. एकटीने करून दाखवा, तीन आठवड्यांनी या. जागा ठेवतो." बसमध्ये तुम्ही तिकिटाची घडी घालत-उलगडत बसलात. मला वाटलं, रागावलात. द्वारकेच्या चौकात उतरलो तेव्हा तुम्ही माझा हात धरून रस्ता ओलांडला आणि म्हणालात, "चल, मग काढू ती खुर्ची." किती सहज म्हणालात! स्वतःचीच खुर्ची होती ती.

अंध मुलांच्या शिबिरात ओळख झालेल्या एका मैत्रिणीने पुण्याहून पोस्टाने सीडी पाठवली. त्यात बोलणारा एडिटर होता, फुकट, ज्याला हवा त्याने घ्यावा. पण गंमत बघा अण्णा: मशीन बोलायला लागेपर्यंत ते मुकंच असतं, आणि मुकं असेपर्यंत ते बोलतं करायला मला डोळसाची गरज. म्हणजे तुमची खुर्ची काढायची तर आधी तुम्हीच त्या खुर्चीत बसायला हवं. तुम्ही दुपारची बॅच बंद ठेवलीत. स्क्रीनवर येईल ते वाचत होतात, मी टाइप करत होते, चुकलं की पुसून पुन्हा पहिल्यापासून. आठव्या दिवशी सगळं चढलं. स्पीकर ठीक होता, गाणी वाजत होती. एडिटर तेवढा गप्प. प्रत्येक वेळी चालू केलं की खाली एकच इंग्रजी ओळ यायची, फाइल संपली. तुम्ही वैतागून म्हणालात, "संपली म्हणतंय. अगं, संपणारच की संपल्यावर!"

ती फाइल म्हणजे एडिटरला द्यायच्या सूचना होत्या, आवाज कुठून घ्यायचा वगैरे. जेमतेम वीस ओळी, पण कंसात कंस, त्यात कंस. तुम्ही ती मला किती वेळा वाचून दाखवलीत याचा हिशोबच नाही. दर वेळी सगळं बरोबर. नववा दिवस गेला, दहावा गेला. अकराव्या दुपारी मी डोकं टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "अण्णा, नाही व्हायचं हे. मालकाला निरोप देऊन टाका." तुम्ही पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवलात. "निरोप मी देणार नाही. तुला द्यायचा तर तू दे. पण आधी मला सांग, चूक सापडत नसली की मी मुलांना काय सांगतो?"

मी डोकं वर केलं. "शेवटून वाच म्हणता."

"मग आजवर मी हे शेवटून वाचलंय का?"

नव्हतंच! दुसऱ्यांच्या पोरांना वीस वर्षं सांगत आलेली गोष्ट आपल्या घरात कुणाच्या लक्षात नव्हती. तुम्ही चष्मा पुसलात, पट्टी घेतलीत, ती स्क्रीनला लावलीत आणि शेवटच्या चिन्हापासून उलटं वाचायला लागलात, एकेक. उलटं वाचताना सूर नव्हता, ठेका नव्हता, तुमचा आवाज अनोळखी वाटत होता. मी बोटांवर कंस मोजत होते. सातव्या ओळीवर तुम्ही थांबलात. पट्टी काचेवर टकटक वाजली.

"अगं, इथे कंस बंदच केलेला नाहीये."

"पण तुम्ही तर दर वेळी म्हणालात, कंस पूर्ण!"

"म्हणालो खरा," तुम्ही म्हणालात. "तोंडातून जातं गं."

म्हणजे मशीन बिचारं बरोबरच सांगत होतं, कंस बंद व्हायच्या आधीच फाइल संपली म्हणून. मी कंस घातला. एडिटर चालू केला. आणि अण्णा, तो बोलला! नाकातून, इंग्रजीत, पडसं झालेल्या साहेबासारखा, पण बोलला! मी एक अक्षर दाबलं, त्याने ते म्हटलं. कंस दाबला, त्याने कंस म्हटलं. मी किंचाळले. टेबलावरच्या तीन वस्तू खाली पडल्या त्यांतली एक तुमचा चष्मा होता. आतून आई ओरडली, "कोन उना शे?" आणि कुणी परका पुरुष घरात आलाय असं समजून तिने चार कप चहा टाकला. चौथा कप आपण कॉम्प्युटरपुढे ठेवला. तुम्ही त्याला म्हणालात, "घ्या साहेब, आता तुम्ही वाचा."

चहा पिताना तुम्ही हळूच विचारलंत, "असं किती वेळा झालं असेल गं? मी आपला पूर्ण म्हणत गेलो आणि तिथे नव्हतंच काही, असं?" मी माझ्याच आनंदात होते. "हे पहिल्यांदाच, अण्णा," म्हणून टाकलं. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

चार दिवसांनी अंबडला मी एकटी आत गेले. तुम्ही बाहेर फाटकापाशी थांबलात. मालकाने काम दिलं, मी कानाला हेडफोन लावला, प्रोग्राम लिहिला, त्यातली चूक मीच शोधली आणि मीच काढली. बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही रखवालदाराचा हात धरून हलवत सुटलात. त्या नोकरीने मला सगळं दिलं. हे तुम्हाला ठाऊक आहे. एक गोष्ट मात्र ठाऊक नाही.

एडिटर बोलला त्याच दिवसाची संध्याकाळ. तुम्ही क्लास घेत होतात आणि मी हावरटासारखी माझ्या जुन्या फाइली एकामागून एक ऐकत होते. पुण्याला पाठवलेली फाइलही उघडली. प्रोग्राममध्ये माणसांनी माणसांसाठी शेरे लिहायचे असतात, मशीनने ते सोडून द्यावेत म्हणून सुरुवातीला एक खूण आणि शेवटी एक. हा एडिटर शेरे वेगळ्या, जाड आवाजात वाचतो. शेरा सुरू झाला, जाड आवाज लागला, शेरा संपला, आणि जाड आवाज काही थांबेना. पुढच्या शेऱ्याच्या शेवटची खूण येईपर्यंतच्या चार ओळी त्याने त्याच आवाजात वाचल्या. शेवटची खूण मी घातलीच नव्हती. त्या चार ओळींत सगळा हिशेब होता आणि मशीनने तो शेरा समजून सोडून दिला होता. तुम्ही तीन वेळा वाचलं होतंत, तिन्ही वेळा म्हणाला होतात, शेरा पूर्ण.

तेवढ्यात तुम्ही बॅच सोडून आत आलात, माझ्यासाठी चहा घेऊन. "कुठली फाइल गं?" मी म्हटलं, "जुनीच. नीट आहे." तुम्ही म्हणालात, "असणारच." आणि मी वळले नाही, कप घेतला नाही, तुम्ही तो ठेवून गेलात. अण्णा, मला राग आला होता. घटकाभरच, पण खरा. वर्ष गेलं माझं, असं वाटलं, यांच्या त्या "पूर्ण"पायी. चहा तसाच निवला. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी कामात आहे.

ती फाइल मी अजून दुरुस्त केलेली नाही. आज त्या मुलीला एडिटर लावून देऊन घरी आले आणि पहिल्यांदा तीच उघडली. जाड आवाज चार ओळींवरून सरळ पुढे जातो, आणि खूण असायला हवी होती तिथे मला तुमचा आवाज येतो, अजून, ठणठणीत. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, त्या फाइलच्याच शेजारी ठेवते. फाइल नीट नव्हती, अण्णा. खूण मी विसरले होते, तुम्ही नाही.