फट कमी, पोकळी तीच

प्रिय ठोंब्या,

पार्सलातलं कापड सोडायच्या आधी हे वाच. तुला घाई फार, लहानपणापासूनची.

बाबांच्या चेहऱ्याची लुळी पडलेली डावी बाजू अजून पुरती सुधारलेली नाही. चहा पिताना रुमाल लागतो, आणि कुणी पाहिलं की राग रुमालावर निघतो. क्लॅरिनेट तोंडाला लावून थोडा वेळ झाला की ओठाच्या कडेनं हवा निसटते, सूर थरथरतो आणि एकदम चिरकतो. भाजी चिरता चिरता माझा हात थांबतो. गुरुवारी वाद्यवृंदाचा नवा संचालक त्यांना एकट्याला ऐकणार आहे. जमलं तर पहिल्या वादकाची खुर्ची राहील, नाही तर मानानं घरी बसा. मानानं म्हणे! घरी बसलेले तुझे बाबा माझ्याच्यानं सांभाळले जाणार नाहीत, आणि त्यांच्या स्वतःच्यानंही नाहीत.

तू करून पाठवलेला नवा माउथपीस, क्लॅरिनेटचं ते तोंडात धरायचं टोक, आधी बुटांच्या कपाटात पडून होता. वादन सोडून कानस धरणाऱ्या पोरानं घडवलेलं ते कशाला वाजवतील? मी तो तिथेच राहू दिला. या घरात बोलून कुणाचं भलं झालंय? पण परवा दुकानातून लवकर परतले तर जिन्यातच थबकले. आतून त्यांची ती संथ धून येत होती, एकदाही न तुटता. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. मग ऐकता ऐकता काहीतरी टोचायला लागलं. सूर शाबूत होते, पण वाजवणारा कुणी दुसराच वाटत होता. लग्नापासून भिंतीपलीकडून ऐकतेय, मला कळणार नाही होय?

आत गेले तर जुना आणि नवा, दोन्ही माउथपीस समोर ठेवून बसलेले. नवशिक्याला समजवावं तसं मला समजावलं. रीड, म्हणजे ती बोरूची पातळ पट्टी, आणि टोक यांच्यामधली फट तू बारीक ठेवलीस, म्हणून ओठाला जोर पडत नाही. पोरानं नेमकं ओळखलं, म्हणाले. हो, तुझ्याबद्दलच. पण त्यांचा आवाज घडतो आतल्या पोकळीत, आणि तुझी पोकळी उजळ बोलते. जुन्याची खोल आहे, त्यांच्या गुरुजींनी हातानं कोरलेली. तो गडद, जरासा घोगरा आवाज तिथला. फट मात्र आता त्यांना झेपत नाही.

लहानपणी तू तो जुना माउथपीस नुसता हातात घेतलास तर केवढा अबोला धरला होता त्यांनी, आठवतं? घासलेलं परत भरता येत नाही, हे तेव्हापासूनचं पालुपद. खरंच आहे ते. रीड टेकते तो सपाट भाग घासला की फट कमी होईल, पण घासायचा कागद जरा जास्त फिरला तर गुरुजी गेले, बाबाही गेले.

कापडात तो जुना माउथपीस आहे. मी चोरून पाठवत नाहीये. त्यांनीच गुंडाळला, दोनदा सोडून पुन्हा गुंडाळला. फट कमी करून बुधवारी इथे परत पोचायला हवा. मी पत्र लिहितेय तोवर समोर बसून आहेत, आणि आत्ता खिडकीकडे बघत एवढंच म्हणाले, "पोकळीला हात लावू नको म्हणावं. बाकी त्याच्या हाताला कळेल."

तुझीच, जीव मुठीत धरून बसलेली,
आई