पावली कशाबद्दल?

६ ऑक्टो. १९४६, रवि.
कैरोहून, पलटणीतून सुटून वाडीला आल्याला आज तीन आठवडे. सकाळी सायकलनं साताऱ्यात. मोटारस्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेतला, बशीखाली आणा ठेवून उठलो. पन्नास पावलं गेलो असेन नसेन, मागून हॉटेलचा मालक धोतर सावरत पळत. "ओ हवालदार! तुमचा आणा राहिला!"
म्हटलं, राहिला नाही, ठेवला.
"कुनासाठी?"
चहा आणून दिला त्याच्यासाठी.
"त्यो माझा मेव्हणा हाय."
मग मेव्हण्यासाठी.
मालक विचारात पडला. "पन ह्याच्या बदली त्यानं करायचं काय?"
काही नाही. करून झालंय.
"मग कशापाय?"
रस्त्यात चार माणसं थांबली. लाजून आणा परत घेतला. कैरोत आणा ठेवला नाही तर मागं पळायचे. इथं ठेवला तर पळतात.

८ ऑक्टो., मंगळ.
रामभाऊ न्हाव्याकडून ओट्यावर हजामत. आमच्या घरचा तो, वडील होते तेव्हापासूनचा. वर्षाला सुगीत त्याला धान्याचं बलुतं जातं. हात इतका हलका की कैरोतले सलूनवाले झक मारतात. खूश होऊन उठताना चवली दिली. रामभाऊनं वस्तरा पुसायचा थांबवला.
"म्हंजे यंदा बलुतं न्हाई?"
बलुतं आहेच, हे वरचं.
"वरचं कशाचं? आवं, रोख दिलं की मिटलं. उद्या तुमी कोन, आमी कोन. तुमचं जावळ म्या काढलं. लग्नात दाढी म्याच करनार. त्यातलं किती मिटवताय दोन आन्यात?"
चवली ओट्यावरच ठेवून गेला. दुपारी त्याची बायको आईकडे, डोळ्याला पदर. न्हावी बदलला का म्हणून. आईनं सुगीच्या आधीच पायलीभर ज्वारी तिच्या पदरात घातली आणि ती गेल्यावर माझ्याकडे वळली. "मिल्ट्रीत जाऊन तू उदार झालास का खुळा?"

१० ऑक्टो., गुरु.
आईला कैरो समजावून सांगायचा प्रयत्न. तिथं जो तो "बक्षीस, बक्षीस" ओरडत हात पुढं करतो. शब्द आपलाच वाटतो म्हणून पहिल्या दिवशी बरं वाटलं. दार उघडणारा मागतो, दाराशेजारी नुसता उभा राहिलेलाही मागतो. पहिला महिना हट्टानं एक पैसा दिला नाही. धोब्याकडून तीन शर्ट हरवले. टांगेवाल्यानं पिरॅमिड दाखवायला नेलं आणि परत आणलं नाही, उन्हातनं चालत आलो. मग द्यायला लागलो. सगळे हसून बोलायला लागले. सवय लागली. बरोबर का चूक, विचार केला नाही.
आई म्हणाली, "म्हंजे भ्यालास."


१३ ऑक्टो., रवि.
हरीमामा आला. वडील गेल्यापासून आमच्या घरातला पुरुषमाणूस तोच. स्थळ आणलंय. सांगलीचं, विश्रामबागेकडे मळा, ऊस आणि हळद. मुलगी इंदू, सातवी पास. बाप गरीब स्वभावाचा, घर चालवतात ते थोरले चुलते, तात्या. तात्या हो म्हणाले की झालं.
मामा बुधवारीच पुढं जाणार, मी गुरुवारी. जाताना दम देऊन गेला. "तितं मिल्ट्री दावू नगंस. वाकून नमस्कार कर, गप खाली बघ."
आईनं कोट उन्हात घातला. डांबराच्या गोळ्यांचा वास जात नाही.

१७ ऑक्टो., गुरु. सांगली
लिहायलाही नको वाटतंय. तरी लिहितो.
मोटार कोळशावरची. प्रत्येक चढाला उतरून ढकलली. सांगलीत उतरलो तर मामाचा पत्ता नाही. एक माणूस पुढं आला. धोतर गुडघ्यापर्यंत, अंगात बंडी, पोटऱ्यांना चिखल, नखं हळदीनं पिवळी. "वाडीचं हवालदार तुमीच न्हवं?" म्हणून ट्रंक खांद्यावर घेतली, छकड्यात टाकली. मळ्यावरचा गडी असणार. वाटेनं गप्पा छान झाल्या. मिसरात ऊस होतो का, बैल कसले, विचारत होता. मीही सैल सुटलो, टांगेवाल्याचं सगळं सांगितलं. पोटभर हसला.
दारात उतरल्यावर त्याच्या हातात चार आण्यांची पावली ठेवली. "चहापाण्याला असू दे."
त्यानं पावली बघितली. उलटी करून बघितली. "बरं," म्हणाला, बंडीच्या खिशात टाकली आणि बैल सोडायला गेला.
आत जाजमावर मामा बसलेला. पाणी झालं. तेवढ्यात तोच माणूस पाय धुऊन, फेटा बांधून आला आणि लोडाला टेकला.
मामा म्हणाला, "हे तात्या."
मी उभा राहिलो. दुसरं सुचलंच नाही. मामाला वाटलं अदबीनं उठलो. खूश झाला.
पंगत बसली. वाढायला स्वतः तात्या. तिसऱ्या पोळीला मी पानावर हात आडवा धरला.
"घ्या, घ्या, हवालदार. पावली घेतलीया म्या. अर्धं काम टाकून कसं चालंल?"
मामाला ठसका लागला. "कसली पावली?"
तात्यांनी सगळ्या पंगतीला सांगितलं. अक्षर कमीजास्त नाही, ओठावर हसू नाही. पंगत मात्र हसून लोळायची बाकी. आतून बायकांचं हसणं. त्यात एक जरा वेगळं, दाबलेलं. मान वर करायची छाती झाली नाही.
मुलगी चहा घेऊन आली. रेशनची साखर साठवून केलेला चहा, कळत होतं. ती कशी आहे? तिची बोटं बघितली. हातावर भाजल्याचा जुना डाग आहे. त्या डागाच्या वर नजर गेलीच नाही.
निघताना तात्या दारापर्यंत आले. "राग न्हाई बरं का. पन येवढं सांगा. पावली कशाबद्दल दिली? ट्रंक उचलली म्हनून, का माझ्या धोतराकडं बघून?"
ट्रंक उचलली म्हणून.
"आनि फेटा बांधून आलो असतो तर?"
मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.
"मग ट्रंकंची न्हवं ती. सवडीनं इचार करा. उत्तर कळवा. मग बोलू."
परत येताना कराडपर्यंत मामा बोलला नाही. कराडला एकच शब्द. "पावली!"

२० ऑक्टो., रवि.
(कालपर्यंत काही लिहिलं नाही. मामानं गावभर केलंय.)
हॉटेलात गेलो. मालक गल्ल्यावर नाही बघून त्याच्या मेव्हण्याला गाठलं. त्या दिवशी आणा ठेवला तो आवडला असता का?
"आवडंल की! कोन नगं म्हनंल?" मग दाराकडं बघून, "पन दाजींच्या म्होरं नगा दिऊ. पगारातनं कापत्यात."
मग रेशनकार्डासाठी कचेरीत. तिथला म्हातारा कारकून गंभीरपणे म्हणाला, "कामाआधी दिली ती चिरीमिरी, कामानंतर दिली ती बक्षिसी. आम्हाला आधी मिळते, म्हणून आम्ही बदनाम." कार्ड आज मिळालं नाही. बुधवारी या म्हणाला.

२६ ऑक्टो., शनि. भाऊबीज
पोस्टमन दारात. "आईसायेब, पोस्त!" हक्कानं, मोठ्यानं. दिवाळीची पोस्त मागताना त्याला लाज नाही, देताना आईला नाही. आठ आणे, चार लाडू, वर पाट देऊन बसवला.
तो गेल्यावर आईला धरलं. मी चवली दिली तर खुळा, तू अधेली दिलीस ती?
"त्यानं पाच वर्सं तुजी पत्रं आनली रं. एक हरवलं न्हाई. वढ्याला पूर आल्ता तर टोपीत घालून, पोटापतोर पान्यातनं आनलं. आनि मला वाचाया कुटं येतंय? त्योच वाचून दावायचा. तू तिकडं आजारी पडलास ते पत्र त्यानं दोन दिस दिलंच न्हाई. तुजं बरं झाल्याचं आलं, मग दोनी एकदम वाचली."
मला हे माहीत नव्हतं. लगेच सायकल काढली, त्याला रस्त्यात गाठला. काय बोलायचं ते सुचेना. म्हटलं, पत्र आहे का काही? "आत्ता तर तुमच्या घरनं आलो की!" म्हणाला. परत आलो.

२ नोव्हें., शनि.
तात्यांना पत्र लिहिलं. चार कागद फाडले. शेवटी असं लिहिलं:
ट्रंक हे एक कारण. धोतर हे दुसरं, खोटं कशाला बोलू. पण तिसरं कारण मोठं. कुणी माझं काम केलं की मला ओझं वाटतं. पैसा दिला की वाटतं, सुटलो, आता याच्याकडे परत बघायला नको. तुमच्याशी कोसभर इतकं चांगलं बोलणं झालं, आणि दारात मी तुम्हाला पावली देऊन मिटवलं.
आणखी एक लिहिलं. हे कुणाला सांगितलेलं नाही. कैरोत मी ऑफिसरांच्या मेसच्या स्टोअरचा क्लार्क. एका संध्याकाळी वाढपी आजारी, म्हणून बशा घेऊन मी उभा राहिलो. एका मेजरसाहेबांनी जाताना माझ्या मुठीत नाणं दाबलं, तोंडाकडे न बघता. मी सलाम केला. मागं जाऊन इतकं अपमान झाल्यासारखं वाटलं की नाणं फेकायला हात उचलला. फेकलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे अंजीर घेतले. गोड होते.
मामाला वाचून दाखवलं. "सोयरीक मोडाया पत्र कशाला खर्ची घालतूस? तशी बी मोडलीच हाय. आनि अंजीर कशाला?"
टाकलं पेटीत.

८ नोव्हें., शुक्र.
तात्यांचं कार्ड. उघडं कार्ड, त्यामुळे माझ्या आधी पोस्टमननं, शाळामास्तरांनी आणि रामभाऊनं वाचलेलं.
"पत्र पावले. अंजिरांचे कळले. खरे लिहिलेत. माझे समाधान झाले. परंतु आता मुलीचे काही विचारणे आहे, ते तिचे तीच विचारील. रविवारी यावे. ट्रंक आणू नये."

१० नोव्हें., रवि. सांगली
स्टँडवर तात्याच. या वेळी छकडा मी हाकला. बैलांना ते आवडलं नाही.
सोप्यात इंदू, शेजारी चुलती, पलीकडे तात्या आणि मामा. इंदूनं वर बघून विचारायला सुरुवात केली. चुलती तिला चिमटा काढत होती, दिसत होतं.
"हाटेलात च्या देनाऱ्याला तुमी आना ठेवता?"
हो.
"न्हाव्याला चवली दिली?"
दिली. घेतली नाही. (मामाकडे बघितलं. मामा छताकडे.)
"आनि घरात आई वाढती, तिला काय देता?"
काही नाही.
"का?"
आई आहे ती.
"आनि मी आले तर मी वाढनार. मला काय?"
तात्याही छताकडे बघायला लागले. एकदा तोंडावर आलं, लुगडी, दागिने. बरं झालं गिळलं. म्हटलं, आत्ता सांगता येत नाही. वेळ द्या.
"घ्या की. मी काय टांगेवाली न्हाई, उनात सोडून जायाला."
म्हणजे तात्यांनी घरात सगळं सांगितलंय. ती हसली. मागं पंगतीतलं म्हणून लिहिलं होतं ते दाबलेलं हसणं हिचंच.
परतीच्या मोटारीत मामा म्हणाला, "असली सून आपल्या घरात?" मी म्हटलं, हो. दोघांचा अर्थ वेगळा होता.

१२ नोव्हें., मंगळ.
सकाळी आईला सरळ विचारलं. तू मला वाढतेस, त्याचं मी तुला काय द्यावं?
तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नाही. म्हटलं, खरंच सांग.
भाकरी थापता थापता म्हणाली, "मला काय नगं. पन म्या जेवते तवा पानी पायजे का म्हनून कुनी इचारलेलं याद न्हाई बग."
म्हटलं, आज तू आधी बस. नको नको म्हणाली. हाताला धरून बसवली. तीही दाराच्या तोंडाशी, अर्ध्या पाटावर, एक डोळा गल्लीकडे. मी वाढायला लागलो. मेसच्या स्टोअरमध्ये दोनशे माणसांचं रेशन मोजलंय, पण एका माणसाच्या ताटात कालवण किती घालायचं कळेना. ताट भरून वाहिलं. मीठ विसरलो. ते आणायला ती उठली, परत बसवली. पाणी दिलं. दोनदा दिलं.
"बास रं. कुनी बगंल."
बघू दे.
तिसरी भाकरी घालताना थांबलो. तिला किती लागतात हेच मला ठाऊक नव्हतं. विचारलं, किती खातेस गं तू?
"उरत्याल तेवड्या."
सहज म्हणाली. मी भाकरी मोडून वाढत राहिलो. तिनं खाल्ल्या, मान खाली घालून, पोटभर. शेवटी ताकही प्याली. मग दुरडीत बघते तर रिकामी. माझ्यासाठी एक नाही. पदर तोंडाला लावून इतकी हसली की ठसका लागला, परत पाणी दिलं.
दुपार. कागद पुढे आहे. "ती. तात्यांस सा. न. वि. वि." एवढं लिहून तास झाला. मजकूर तात्यांना लिहायचा का तिला, आणि तिला लिहायचा तर मायना काय, आणि लिहायचं तरी काय, आज आईला जेवायला वाढलं असं? एक दिवस वाढलं, तेवढ्यात पत्र? ती विचारेल, उद्याचं काय.
आत आई परत चुलीपाशी बसलीय, माझ्या भाकऱ्या थापतेय. फुकणीचा आवाज येतोय. लाकूड ओलं असावं. पत्र आधी पुरं करू, का उठून चूल फुंकू? उठतो.