नूडल्सचा कप

इलोइलो

प्रिय मनांग सोरिंग,

सहा महिन्यांत एक ओळ लिहिली नाही, आणि आज माझं पत्र बघून तू कपाळाला आठ्या घालशील. घाल. पण वाच. शनिवारी तुझी शेवटची रक्ततपासणी आहे, असं तुझ्या सुनेकडून कळलं. नातवाला तू अजून कुशीत घेत नाहीस, ताटली-चमचा वेगळा ठेवतेस, तेही तिनंच सांगितलं.

वॉर्डाची बातमी सांगते. रोगट कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या दिवसाला अकरा जायच्या ना? आता तीन जातात! प्रत्येक खाटेजवळ साध्या कचऱ्याची काळी आणि हिरवी बादली, पिवळी फक्त ड्रेसिंगच्या गाडीवर. तुझंच म्हणणं होतं हे. आम्ही नर्सबाया कशा होतो, आठवतं? इबोसचा चिकट भात खाऊन उरलेली पानं, पावाचे कागद, सुकलेली फुलं, सगळं पिवळ्यात. म्हणे, रोगट कचऱ्यात टाकलं की कुणी बोट दाखवत नाही. आणि तू दारातून ओरडायचीस, "अगं बायांनो, या फुलांना कुठला टीबी झालाय गं?" आम्ही खिदळायचो. पिवळ्यांची खोली भरून वाहू लागली की वॉर्डाच्या मोठ्या बाई सफाईवाली म्हणून तुझ्यावर डाफरायच्या. मग तू बिचारी हातमोजे चढवून पिशव्या उघडायचीस आणि त्यातला साधा कचरा वेगळा काढायचीस. नियमात नव्हतं ते. पण आमची घाण तूच निस्तरत होतीस.

अशीच एक पिशवी उघडताना तुला सुई टोचली, तेव्हा चौकशीत सगळ्यांनी तेच लावून धरलं, हिनं पिशवी उघडलीच का? तुला घरी बसवलं. मागून एक जण म्हणालीसुद्धा, "उरलंसुरलं खायला शोधत असेल." मनांग, तुला थोरली बहीण म्हणणारी मी तिथेच उभी होते.

परवा कचरा कमी केल्याबद्दल वॉर्डाला फलक मिळाला. तो माझ्याच हातात दिला, टाळ्या वाजल्या, सगळ्यांनी पान्सितच्या शेवया खाल्ल्या. "नेनेत, बोल की दोन शब्द!" म्हणाल्या. मला रडूच कोसळलं. त्यांना वाटलं, आनंदाचं आहे.

मनांग, नूडल्सचा रिकामा कप म्हणून तू जो उचललास, तो माझा होता. सुयांचा डबा गच्च भरलेला, नवा आणायला खाली कोण जाणार, म्हणून सुई त्या कपात टाकली, झाकण दाबलं आणि दिला पिवळ्यात ढकलून. पिवळ्यात सगळं चालायचं ना! याहून वाईट पुढंच आहे. ती सुई चार नंबरच्या खाटेवरच्या आजोबांची होती. त्यांचं रक्त आदल्याच दिवशी तपासलं होतं, त्यात सुईतून लागेल असं काही म्हणजे काही निघालं नव्हतं. एवढं एक वाक्य मी बोलले असते तर तुझे सहा महिने असे गेले नसते. नोकरी जाईल म्हणून तोंड शिवून बसले. आज सकाळी सगळं लिहून, सही करून मोठ्या बाईंच्या हातात दिलंय. नक्कल सोबत आहे. माझं काय व्हायचं ते होवो. माफ कर म्हणायचं तोंड मला नाही. शनिवारी तपासणी करून घेच, पण तोवर थांबू नकोस. हे वाचून झालं की आधी बाळाला उचलून घे.

म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझीच,
नेनेत