डावी बाजू माझी

मी, इव्हानो बेर्गोन्झिनी, वय एक्क्याऐंशी, धंदा पत्रा ठोकण्याचा, राहणार नोनान्तोला, मोदेनाजवळ, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि लांब्रुस्को वाइनचा एकच पेला घेऊन लिहीत आहे. मोडली आहे ती कंबर, डोकं नाही. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत भावाबद्दल फार चांगले लिहिले होते.

एक. राहते घर व अंगण पुतणी लोरेदाना हिला. माळ्यावरची, वर्षानुवर्षे मुरत ठेवलेल्या व्हिनेगरची सहा पिंपेही तिचीच. तिच्या बापाला, म्हणजे माझा धाकटा भाऊ ओत्तोरिनो याला, त्यातला थेंबही देऊ नये. बरं, नाताळला एक चमचा द्यावा.

दोन. गाडी. ती मला कोणालाच देता येत नाही, कारण कागदोपत्री ती ओत्तोरिनोची आहे. १९६४ साली, मी एकवीसचा नि तो अठराचा असताना, तिचा ॲल्युमिनियमचा पत्रा आम्हीच ठोकला होता. आमच्याकडची रीतच ती: दोघे कारागीर, एकेकाची एक बाजू. डावी माझी, उजवी त्याची. म्हणून तिचा डावा मडगार्ड उजव्यापेक्षा बोटभर उंच. जाणता माणूस समोरून बघूनच सांगायचा, ही दोघांच्या हातची आहे.

चाळीस वर्षांनी ती एका गोठ्यात सापडली, आत कोंबड्या अंडी घालत होत्या. अकरा वर्षे खपून आम्ही ती पुन्हा उभी केली, जो तो आपल्या बाजूला. नोंदणीच्या रांगेत मी गेलो नाही. म्हटलं, भावाच्या नावावर काय नि माझ्या नावावर काय! गाढव मी, दुसरं काय.

यंदा कंबरेच्या हाडापायी मी दोन महिने इस्पितळात होतो. तिथे लोरेदानाने रडत रडत विक्रीची जाहिरात दाखवली. “ओत्तोरिनो बेर्गोन्झिनी यांनी एकहाती पुन्हा घडवलेली. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या.”

सारख्या? घरी सोडल्याबरोबर कुबड्या घेऊन थेट विक्रेत्याचं दुकान गाठलं. उजव्या मडगार्डवर बोटाने ठोकलं, टण्ण. डाव्यावर ठोकलं, भद्द.

“आजोबा, हात नका लावू,” विक्रेता म्हणाला.

“अरे, हात लावूनच बनवलीय ती!”

ओत्तोरिनो बाजूलाच होता, बुटांकडे बघत. “दादा, गिऱ्हाइकाला दोन्ही बाजू सारख्या लागतात. तुझी बोटभर खाली बसवली नि वरून पुट्टी ओढली. रंगाखाली कोणाला कळतंय?”

“मग तुझीच का नाही उचललीस?”

तो बाहीने उजवा मडगार्ड पुसू लागला. नुसती विकली असतीस तर सोसलं असतं रे. पण माझ्या बाजूला पुट्टी! सख्ख्या भावाने केसाने गळा कापला माझा.

तीन. माझे चौदा हातोडे आणि ज्यावर पत्र्याला गोलाई देतात तो झाडाचा पोकळ बुंधा, गावच्या तंत्रशाळेला. लाकडी हातोडा तेवढा ओत्तोरिनोला. कधी ती पुट्टी खरवडून माझी बाजू वर उचलायची बुद्धी झालीच, तर हाताशी असावा.

चार. माझी शवपेटी सहा जणांनी खांद्यावरून न्यावी. ओत्तोरिनोला बोलवावे. तो सवयीने उजवीकडे जाईल. त्याला डावीकडे, पुढे उभे करावे. उजवीकडे पुढे औषधवाले गिल्बेर्तो. ओत्तोरिनो त्यांच्यापेक्षा बोटभर बुटका आहे, तेव्हा पेटी त्याच्या बाजूला कलेल. उंची जुळवायला कोणी त्याच्या खांद्यावर घडी घालून रुमाल ठेवू नये. कलू द्यावी.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, असे नोटरी म्हणतो. लागतात. भावाशी एकदा साक्षीदाराविना व्यवहार करून बघितला आहे.

साक्षीदार: गिल्बेर्तो मालागोली, औषधविक्रेते
साक्षीदार: आर्मिदा कोरादी, शेजारीण

नोनान्तोला, १४ नोव्हेंबर २०२४

सही
इव्हानो बेर्गोन्झिनी, डावी बाजू