बरी झाल्याची साक्ष

५ जानेवारी, रविवार

दिली साक्ष! प्रार्थनाघरात सगळ्यांपुढं उभी राहून सांगतलं — जन्मापासूनच्या सिकलसेलमधून, रक्ताच्या या दुखण्यातून येशूनं मले बरं केलं. दीड महिना झाला, सांधे ठणकले नाहीत. टाळ्या, हालेलुया! कुंताबाईनं तं मले मिठीच मारली. तिच्या खुशबूलेही सिकल आहे, अकरा वर्षांची पोरगी. गोळ्या चालू आहेत हे मी बोलली नाही. कायले बोलू?

वरठीच्या प्रार्थनाघरातून गाडीवर येता येता मिथुन एवढंच म्हणे, "गोळ्या बंद नोको करजो." नवरा म्हणजे बायबलातला संशयी थोमाच माहा!

९ जानेवारी

थंडी. पहाटेपासून कंबर अन् गुडघे. आताच नोको रे देवा.

१० जानेवारी

दुखूनच राहिलं. घरात लंगडते, दारात कोणी आलं की ताठ चालते. गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवल्या. असं जगणं म्हणजे विश्वास काय? शी!

१२ जानेवारी, रविवार

सगळे गुडघे टेकून बसले, मीही टेकले. कळ मस्तकात गेली. रडूच फुटलं — लोकायले वाटलं पवित्र आत्मा उतरला!

मंग पास्टर कमलेशले बाजूले घेऊन खरं सांगतलं. ते पांढरेफटक. "ताई, इतक्यात नोका बोलू. लोकायचा विश्वास डळमळेल." मी हो म्हटलं. बोलणं टळलं म्हणून मले बरंच वाटलं, तेच जास्त लागते.

१७ जानेवारी

कुंताबाईनं खुशबूच्या गोळ्या बंद केल्या होत्या. माह्या साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी! "हर्षाताई बरी झाली, मंग गोळ्या देऊन देवावर संशय कायले?" असं शेजारणीले म्हणे. काल पोरगी छाती धरून किंचाळली. भंडाऱ्याले दवाखान्यात नेली. ऑक्सिजनवर आहे.

मी केलं हे. मी!

१८ जानेवारी

दिवसभर म्हणून राहिली — देवा, तिचं दुखणं मले दे. अन् मंग माहीच मले किळस आली. माह्या वाटचं आहे तेच मी घेतलं नाही, तिचं काय घेणार! क्रूसावर जायच्या आदल्या रात्री बागेत येशू घामाघूम झाला, हे टळू दे म्हणाला, रडला. काहीच लपवलं नाही त्यानं बापापासून. मंग सगळं त्याच्यावर सोपवलं. मी तं दुखतच नाही म्हणून बसली. मी सोपवू तरी काय?

देवा, दुखते. खूप दुखते. तुले ठेवायचं असंल तं ठेव. पण पोरीले वाचव.

१९ जानेवारी, रविवार

प्रार्थनाघरात नाही गेली, सरळ वॉर्डात गेली. कुंताबाईले सांगतलं — "मी बरी नाही झाली. गोळ्या खातच होती."

तिनं माह्याकडे पाहिलंही नाही. "मंग साक्षीले उभी काहून राहिली व बाई?"

मोठेपणा पाहिजे होता मले. टाळ्या गोड लागल्या. बसस्टँडपर्यंत लंगडतच आली, सगळ्यांच्या देखत.

२० जानेवारी

पास्टरले फोन केला — येत्या रविवारी सगळ्यांपुढं खरं सांगते. मंग म्हणाले, "मीही संग उभा राहतो. मीच गप्प बसवलं होतं तुमाले."

२२ जानेवारी

ऑक्सिजन काढला! कुंताबाई अजून बोलत नाही. ती चहा आणाले गेली, तवा खुशबूनं हळूच विचारलं, "ताई, माय म्हणे तुमाले अजूनही दुखते. खरं?"

"हो बाई. खूप."

पोरगी हसली. म्हणे, "मले वाटलं, देव माह्यावरच रागावला."